तुम्हाला कळतंय ना

गेल्या मंगळवारी दुपारी अडीचच्या सुमारास फोन आला, पेनसिल्व्हेनियाचा नंबर. मी मीटिंगमध्ये होते, कॅमेरा बंद केला आणि उचलला. एक गृहस्थ, आवाजावरून साठीचे असावेत, अगदी अदबीने बोलत होते. माझी भाडेकरू त्यांच्याकडे घर बघून गेलीये, अर्जात आत्ताची घरमालकीण म्हणून माझं नाव दिलंय, तर दोन मिनिटं आहेत का. आहेत म्हटलं. भाडं वेळेवर? वेळेवर. शेजाऱ्यांच्या तक्रारी? नाहीत. कुत्रं-मांजर? नाही, एक मासा आहे, मुलाचा. ते हसले. मग जरा थांबले आणि म्हणाले, "बाकी काही प्रॉब्लेम? म्हणजे, व्हाउचरवाली आहे ना ती. तुम्हाला कळतंय ना मला काय म्हणायचंय."

कळलं की. तेच तर झालं ना, त्यांचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत कळलं. व्हाउचर म्हणजे कमी उत्पन्नाच्या कुटुंबाच्या भाड्यातला वाटा सरकार भरतं, ती मदत.

मी काय उत्तर दिलं ते सांगते पुढे, पण त्या 'कळतंय ना'ने माझा अख्खा आठवडा खाल्ला. रात्री भांडी लावताना आठवतंय, गाडी चालवताना आठवतंय. कारण माणूस तसं परक्याला म्हणत नाही. आपल्यातल्याला म्हणतो. त्याने मला त्याच्यातली धरलं होतं, घरमालकांतली, आणि ती मी आहेच की. सेंट्रल जर्सीत, एडिसनपासून वीसेक मिनिटांवर आमचं १९२६ सालचं एक टू-फॅमिली घर आहे, २०१६ मध्ये घेतलेलं. इकडे आपल्या लोकांत एक काळ असा येतो की पॉटलकला गेलं की जो तो सांगतो, अरे एक रेंटल घेऊन टाक, रिटायरमेंटला बरं. तसं घेऊन टाकलं. वरच्या मजल्यावर आधीपासूनचे एक निवृत्त पोस्टमन काका राहतात, त्यांची काही कटकट नाही, फक्त बर्फ पडला की पहाटे पाचला फावडं घेऊन खरडायला लागतात. खालचा मजला, दोन बेडरूम आणि मागे लाकडी पोर्च, तो भाड्याला.

२०१८ मध्ये पहिल्यांदा जाहिरात टाकली तेव्हाची गोष्ट आधी सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं लिहायला मला तोंड नाही. एका बाईचा फोन आला होता. मागे लहान मूल रडत होतं, ती एका हाताने त्याला थोपटत बोलत असणार, कारण आवाज लयीत हलत होता. घर आहे का अजून? आहे. किती तारखेपासून? एक तारखेपासून. लॉन्ड्री आहे का? बेसमेंटला आहे. आणि मग, "तुम्ही सेक्शन एट घेता का?" सेक्शन एट म्हणजे तेच सरकारी व्हाउचर. मी एक श्वास घेतला आणि म्हटलं, "ओह, सॉरी, अहो कालच एकांनी डिपॉझिट दिलं, माझ्या लक्षातच नाही राहिलं." असं बोलले. इतकं सहज की मलाच पटलं. ती म्हणाली, "ओके, थँक यू, गॉड ब्लेस यू." जाहिरात त्यानंतर एकोणीस दिवस चालू होती.

असं नाही म्हणणं हे न्यू जर्सीत बेकायदेशीर आहे हे मला तेव्हा माहीत नव्हतं. भाडं कुठल्या कायदेशीर मार्गाने येतंय यावरून भाडेकरू नाकारता येत नाही, धर्म किंवा वर्ण बघून जसं नाकारता येत नाही तसंच. नंतर कळलं. पण खरं सांगू का, माहीत असतं तरी मी तेच केलं असतं, फक्त आवाज थोडा जास्त कापला असता. कारण तोपर्यंत मी ते दोन शब्द ज्या सुरात ऐकले होते तो सूर एकच होता. सेक्शन एट. १९३७ च्या हाउसिंग कायद्याचं आठवं कलम, भाड्याच्या मदतीचं कलम म्हणून ते १९७४ मध्ये आलं, एवढाच त्याचा अर्थ. आज वीस लाखांवर कुटुंबं असल्या व्हाउचरवर राहतात. पण आपल्याकडे 'चारशेवीस' म्हटल्यावर कुणाला दंडसंहिता आठवते का? तसंच हे. कलमाचा आकडा पार शिवी होऊन बसलाय.

मग घर दिलं कुणाला, तर दोन आपल्याकडच्या मुलांना. सॉफ्टवेअरवाले, एक तर थेट पुण्याचा, आई म्हणाली वा, घरचीच झाली. घरचीच झाली ती. २०२१ च्या मे महिन्यात दोघांचं काम कायमचं रिमोट झालं आणि ते टेक्सासला गेले, दोन महिन्यांचं भाडं ठेवून. न्यू जर्सीत डिपॉझिट दीड महिन्याच्या वर घेता येत नाही, त्यामुळे उरलेलं गेलंच. घर बघायला गेले तर किचनच्या पांढऱ्या काउंटरवर हळदीचे डाग, असे की बेकिंग सोडा, लिंबू, ब्लीच, कशालाही दाद देईनात, आणि छतावर कुकर फुटल्याची डाळ. वाळलेली, जिऱ्यासकट. मी स्टुलावर उभी राहून ती डाळ खरवडत होते आणि नवरा खालून म्हणत होता, तुरीची दिसतेय.

दोन महिने घर रिकामं. हप्ता आमच्या खिशातून. म्हणजे पुढे जे झालं ते मी काही उदार होऊन केलं नाही, हे आधीच लिहून ठेवते.

ऑगस्ट महिना, अंग नुसतं चिकचिकत होतं, एसीचा खिडकीतला डबा घरघरत होता. ती आली ती बरोबर ठरल्या वेळेला, दोन मुलं घेऊन, मुलगा नऊ-दहाचा, मुलगी चारची. नाव लिहीत नाही तिचं. मी दार उघडलं, या म्हटलं, तर ती दारातल्या पायपुसण्यावरच थांबली. मुलगा एव्हाना आत झेपावला होता, त्याला बहुतेक मागच्या खिडकीतून पोर्च दिसलं होतं, तिने त्याची मागची कॉलर धरून ठेवली. आणि म्हणाली, "आत यायच्या आधीच सांगते, माझ्याकडे व्हाउचर आहे. तुम्ही घेत नसाल तर मी तुमचा वेळ घेत नाही." हे तिने रागाने नाही म्हटलं, रडवेलीही नव्हती ती. आपण दुकानात 'कार्ड चालेल ना?' विचारतो ना, तसं. खूपदा म्हणून म्हणून कडा घासून गेलेलं वाक्य. पायही व्यवस्थित पुसले होते तिने, आत यायचं नक्की नसताना.

मी म्हटलं, या आत.

तेव्हा तिच्याकडे अकरा दिवस उरले होते. हे मला नंतर कळलं. म्हणजे असं असतं की व्हाउचर मिळालं म्हणजे घर मिळालं नाही, घर शोधायची परवानगी मिळाली. साठ दिवस देतात, फार तर मुदत वाढवून मिळते, तेवढ्यात घर देणारा कुणी सापडला नाही तर व्हाउचर परत. आणि ते व्हाउचर मिळायला ती सहा वर्षं यादीत होती. सहा वर्षं. यादीत नाव घालायची खिडकीसुद्धा कायम उघडी नसते, मधेच कधीतरी थोडे दिवस उघडते आणि मग लॉटरी. पात्र असलेल्या साधारण चार कुटुंबांतल्या एकालाच मदत मिळते म्हणतात, बाकीचे तीन आपापलं बघतात. सहा वर्षं थांबून मिळालेली गोष्ट साठ दिवसांत वापरायची आणि त्यात माझ्यासारख्या बायका फोनवर सांगणार, अहो कालच डिपॉझिट आलं.

मग कागद. तिने आणलेला तो जाडजूड गठ्ठा मी भरला, घर किती साली बांधलं, गॅस कोण भरणार, वीज कोण, फ्रिज कुणाचा. व्हाउचर देणारं हाउसिंग ऑफिस आधी बघतं की भाडं आसपासच्या तशाच घरांच्या मानाने वाजवी आहे का. आमचं १,८५० डॉलर होतं, ते त्यांनी मान्य केलं. आणि मग इन्स्पेक्शन. माझी समजूत अशी होती की इन्स्पेक्शन भाडेकरूचं असतं! चांगली आहे का, दारू पिते का, असलं काहीतरी. इन्स्पेक्टर आला आणि त्याने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, तो माझ्या घराच्या मागे लागला. प्रत्येक खिडकी उघडून बंद केली. किचन सिंकजवळचं सॉकेट आपोआप ट्रिप होणारं आहे का ते बारकं यंत्र खुपसून पाहिलं. नव्हतं. बेसमेंटच्या जिन्याला कठडा नव्हता, फेल. मुलांच्या खोलीच्या एका खिडकीचा लॉक तुटलेला, फेल. गिझरच्या प्रेशर व्हॉल्व्हला खाली जाणारा पाइप नव्हता, तोही. आणि पोर्चवरचा रंग पोपडे धरून सुटलेला. १९७८ च्या आधीचं घर, घरात सहा वर्षांच्या आतलं मूल, म्हणजे रंगात शिसं असणार हे धरूनच चालायचं. त्याने पोपड्याला नुसता बुटाचा अंगठा लावला, तो खाली पडला, आणि तो माझ्याकडे बघून म्हणाला, "हे ती तोंडात घालेल."

ती दोन आपली मुलं तीन वर्षं तिथे राहिली, तो कठडा नव्हताच. कुणी विचारलं नाही. मीही बघितलं नाही. त्यांनी तर सोडाच, मी स्वतः धुणं घेऊन त्या जिन्यावरून भिंतीला हात लावत उतरलेय.

सर्टिफिकेटवाला रंगवाला बोलावला, ताडपत्र्या बांधून, मास्क लावून त्याने पोर्च खरवडलं, सुतार झाला, इलेक्ट्रिशियन झाला, पुन्हा इन्स्पेक्शन. पाच आठवडे गेले, आणि पास होऊन करार होईपर्यंत एक पैसा मिळत नाही. नवरा वैतागला होता. माझीही रोज रात्री बेरीज चालायची. त्या पाच आठवड्यांत ती मुलांना घेऊन बहिणीच्या घरी हॉलमध्ये झोपत होती, आणि दर दोन दिवसांनी मला मेसेज करायची, "मॅम, काही मदत लागली तर सांगा, मला रंग देता येतो."

पहिल्या महिन्यापासून हिशोब असा: १,८५० पैकी ऑफिसचे १,४२७, एक तारखेला थेट खात्यात, आणि तिचे ४२३, तेही एक तारखेला, चुकून तीन. उत्पन्नाच्या साधारण तीस टक्के तिने भरायचे, वरचे त्यांनी. ती म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांचं करते, आंघोळ घालणं, औषधं देणं, जेवण भरवणं. पुढच्या वर्षी तिला जास्त तास मिळाले तर तिचा हिस्सा सहाशेच्या वर गेला आणि ऑफिसचा तेवढा कमी झाला. मला काय, मला तेवढेच. ती एकदा म्हणाली, हसत म्हणाली पण, "मी एक म्हातारी जास्त घेतली की तिच्यातली एक-तृतीयांश तुमच्या घरात राहायला येते."

आता गणपतीतलं. आमच्याकडे सगळे जमतात, उकडीचे मोदक फ्रोझन नारळाचे का होईना पण होतात, आरतीच्या चिठ्ठ्या व्हॉट्सॲपवर. कुणीतरी विचारलं, खालचा मजला गेला का? नवऱ्याने सांगून टाकलं. एका क्षणात दोन तट. एक ताई म्हणाल्या, "अगं बाई! सेक्शन एट? घराची वाट लावतात गं ते." आणि दुसरे एक जण, चार-पाच घरं आहेत त्यांची, मोदकावर तूप घेत म्हणाले, "वेडे आहात का, सोनं आहे ते. एक तारखेला टणकन खात्यात. मी तर शोधून शोधून घेतो." मला दोन्ही सारखेच लागले. एकाला तिची भीती आणि दुसऱ्याला तिचा चेक हवा, बाई कुणालाच नको. आणि मी काय बोलले असेन? मी म्हटलं, "नाही, आमची तशी नाहीये." *तशी नाहीये.* म्हणजे बाकीच्या तशा असतात हे कबूल करून टाकलं. छतावरच्या डाळीचं मात्र मी कुणाला सांगितलं नाही, कारण त्या दोन मुलांतल्या एकाचा मावसभाऊ तिथेच बसला होता.

मार्चमध्ये टॅक्सला गेलो आमच्या सीपीएकडे, आयसलिनला, ओक ट्री रोडच्या एका जिन्याने वर, खाली मिठाईचं दुकान असल्याने त्याच्या फायलींनासुद्धा वेलचीचा वास असतो. तो दरवर्षी तोच विनोद करतो की सरकारच्या मते तुमचं घर साडेसत्तावीस वर्षांत झिजून जाणार. भाड्याच्या घराची किंमत एवढ्या वर्षांत कागदावर झिजलेली दाखवता येते, दरवर्षी थोडी थोडी, आणि तेवढ्यावर टॅक्स नाही. घर तर दर वर्षी महागतंय! शिवाय हप्त्यातलं व्याज वजा, आम्ही राहतो त्या घराचंही व्याज वजा, कठडा वजा, रंगवाला वजा. त्याने पेन्सिलने आकडा काढला, मी मान डोलावली, खालून पावशेर काजूकतली घेतली. कुठल्याही दारात उभं राहून मला हे आधी सांगावं लागलेलं नाही.

माझं घरमालकीण असणं मात्र नवीन नाही, रक्तात आहे ते. वडिलांकडचा सदाशिव पेठेत वाडा होता. सात भाडेकरू. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी जी गोठली ती १९४० सालच्या दरावरच, त्यामुळे माझ्या लहानपणी आमचे आजोबा, सगळे अण्णा म्हणायचे, महिन्याच्या पाच तारखेला पावतीपुस्तक बगलेत मारून वाड्यात फिरायचे ते चौदा रुपये, अकरा रुपये, एका दोन खोल्यांचे साडेअठरा रुपये गोळा करत. शिसपेन्सिलीला थुंकी लावून पावती लिहायची. एका भाडेकरूशी वाजलं होतं, तो मनीऑर्डरने पाठवायचा, समोरच्या खोलीत राहून! पोस्टमन चौकातून आत यायचा, त्याच्याकडून घ्यायचे, त्याच्या देखत अण्णांना सही करायची. चौदा रुपयांत कौलं कोण शाकारणार, म्हणून अण्णा शाकारत नसत, आणि गळतंय म्हणून भाडेकरू शिव्या देत. दोघंही बरोबर होते. सरकारने तिथे भाडेकरूला मदत केली होती हे खरंच आहे, पण अण्णांच्या खिशातून. इथे बाजारभावाने मला देतात वर कठडा लावून घेतात. अण्णांना हे सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, सरकार भाडं देतं? मालकाला? आणि मला पुन्हा एकदा पहिल्यापासून सांगायला लावलं असतं. त्यांनी मरेपर्यंत एक वाक्य सोडलं नाही: भाडेकरू म्हणजे आत शिरलेलं पाणी.

आणि ही उपमा, गंमत बघा, त्यांनी माझ्या आईसमोर द्यायची. आई पाण्यातूनच आलेली.

आईचं माहेर शनिवारात, नदीकडच्या अंगाला, कुणाच्यातरी वाड्यात मागच्या दोन खोल्या. भाड्याच्याच. १२ जुलै १९६१, पानशेत धरण फुटलं तो दिवस. पुण्याच्या माणसाला पुढचं सांगायची गरज नाही. आई नऊ वर्षांची होती. तिच्या आठवणीत धरण नाही, नदी नाही, फक्त वास आहे. पाणी ओसरल्यावर गव्हाच्या डब्यातून आलेला गाळाचा वास, आणि आजीचं तांब्याचं घंगाळ तिसऱ्या वाड्याच्या अंगणात पालथं सापडलं ते. मग शाळेच्या वर्गात मुक्काम, बाकं भिंतीला लावून. आणि मग कधीतरी गोखलेनगर. सरकारने पूरग्रस्तांसाठी बांधलेली ती वसाहत, आता तिथे पार्किंगवरून मारामाऱ्या होतात, तेव्हा ते गावाबाहेरचं माळरान होतं, रात्री कोल्हे ओरडायचे म्हणे. दोन लहान खोल्या, दारात आजीची तुळस. माझ्या सुट्ट्या तिथे गेल्यात. भिंती इतक्या पातळ की शेजारच्यांच्या फोडणीवरून कळायचं आज काय आहे त्यांच्याकडे.

आजीला एक सवय होती. कुठेही गेली, लग्नात, डॉक्टरकडे, माझ्या शाळेच्या गॅदरिंगला सुद्धा, नवीन माणूस भेटला आणि त्याने कुठे राहता विचारलं की गोखलेनगर म्हणून थांबायची नाही. "गोखलेनगर. म्हणजे पूरग्रस्तातले आम्ही, बरं का." लगेच. समोरच्याने विचारायच्या आत. मला लहानपणी फार लाज वाटायची, मी तिचा पदर ओढायचे. एकदा विचारलं, कशाला सांगतेस गं सारखं? तर म्हणाली, "आपण सांगितलं की त्यांना शोधावं लागत नाही." आईला बघायला अण्णा आणि वडिलांकडची आजी आले तेव्हाही या आजीने पोहे ठेवायच्या आधी हेच सांगितलं होतं म्हणे. आणि लग्न होऊन पन्नास वर्षं होत आली तरी आमच्याकडे आईबद्दल एक वाक्य अजून कुणीतरी बोलतं, प्रेमाने बोलतात हं, "पूरग्रस्तातली, पण मुलगी हुशार."

त्या ऑगस्टमध्ये पायपुसण्यावर उभी राहून ती बाई बोलली तेव्हा मला आजी आठवली, असं लिहायला फार छान वाटलं असतं. पण नाही आठवली. तेव्हा मला हप्ता आठवत होता. आजी आठवली ती आत्ता, या मंगळवारनंतर.

चार वर्षांत सगळं गोडगोड झालं असंही नाही. दुसऱ्या हिवाळ्यात ड्राइव्हवेवर एक अनोळखी गाडी दिसायला लागली. व्हाउचरच्या कागदावर ज्यांची नावं आहेत तेवढ्यांनीच राहायचं असतं, बाकी कुणी राहिलं तर व्हाउचर जाऊ शकतं. मी दोन रात्री मुद्दाम त्या रस्त्यावरून गाडी नेली. एकदा तर दिवे मालवून कोपऱ्यावर थांबले, हातात कॉफी, आणि खालच्या मजल्याच्या पडद्यामागच्या सावल्या मोजत होते. पन्नाशीला आलेली बाई! सदाशिव पेठेतला खांब आणि त्याच्याआडून चौकात डोकावणारे अण्णा, बस, तेच. तिसऱ्या दिवशी तिचाच मेसेज आला: भाऊ आलाय, नोकरी गेलीये त्याची, दोन आठवडे राहील, तुम्हाला सांगून ठेवते. आधीच सांगितलेलं बरं, ही तिची पद्धतच आहे. नळ ठिबकला तरी त्याच दिवशी व्हिडिओ पाठवते, आवाजासकट. मी 'ओके' लिहिलं आणि ऑफिसला कळवलं नाही, पण मनाशी तारीख लिहून ठेवली, हेही खरं. भाऊ बाराव्या दिवशी गेला. जाताना त्याने पोस्टमन काकांचा बर्फ काढून दिला.

आता तिची आई आजारी आहे, पेनसिल्व्हेनियात. व्हाउचर सोबत नेता येतं, दुसऱ्या राज्यातसुद्धा, तिकडचं ऑफिस पुढचं बघतं. पण तिकडे राज्यभर लागू असा आपल्यासारखा कायदा नाही. म्हणजे तिथल्या बहुतेक मालकांना खोटं डिपॉझिट काढायचीही गरज नाही, सरळ नाही म्हणता येतं. पुन्हा तारखा मोजणं सुरू. मागच्या शनिवारी ती तिकडे तीन घरं बघून आली, मुलगा आता तेरा-चौदाचा आहे, तो गाडीतून उतरलाच नाही म्हणाली. "तो म्हणतो, तू आधी विचारून ये."

तर त्या गृहस्थांना मी काय म्हटलं. मी म्हटलं, "नाही, मला नाही कळलं. काय म्हणायचंय तुम्हाला?" फार शूर नव्हतं ते, आवाज माझाच मला बारीक लागत होता. पलीकडे शांतता. मग ते घाईघाईने म्हणाले, नाही नाही, तसं काही नाही, घर नीट ठेवते ना एवढंच. मी म्हटलं, माझ्यापेक्षा नीट. भाडं चार वर्षं वेळेवर आलंय, नळ गळला तर त्याच दिवशी सांगते, आणि तुमच्या बेसमेंटच्या जिन्याला कठडा नसेल तर आत्ताच लावून घ्या, पाच आठवडे वाचतील. ते हसले, यावेळी जरा अवघडून. "बरं, बरं. म्हणजे अजून एक-दोघं बघून गेलेत, ठरायचंय. एकाने डिपॉझिट देतो म्हटलंय बहुतेक." थँक यू म्हणाले, छान अदबीने.

ते 'बहुतेक' मला ओळखीचं होतं.

मी पुन्हा मीटिंगमध्ये गेले, कुणीतरी माझं नाव घेत होतं. रात्री तिने मला घराची लिंक पाठवली होती ती उघडली. वीट-रंगाचं घर, पुढे छोटा कट्टा, दोन कुंड्या. बुधवारी बघितली, होती. गुरुवारी होती. आज रविवार आहे, हे लिहिता लिहिता आत्ता पुन्हा उघडली. आहे अजून. तिचा मेसेज आलाय, "मॅम, त्यांचा फोन आला होता का तुम्हाला?" दोन तास झाले, मी अजून उत्तर दिलेलं नाही.